गोलपोस्टाशेजारचा कॅमेरा

दाजी,

भिंतीवर तुमचा जो फोटो लावलाय तो माझ्याच दुकानातला आहे. पासपोर्टसाठी काढलेला, आता मोठा करून घेतलेला. मागं पांढरा पडदा, ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. त्या दिवशी मी तुम्हाला "हलू नका" म्हणालो होतो, आणि फोटो झाल्यावर स्टुलावरून उठत तुम्ही म्हणाला होतात, "तुझ्या दुकानातला समदा गाव मेल्यागत दिसतोय बघ, पावणं." मी हसलो होतो. आता अक्कानं त्याच फोटोला हार घातलाय आणि येणारा जाणारा म्हणतो, फोटो झकास आलाय. तुम्ही असता तर यावर काय बोलला असता ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्या खोलीत फार वेळ बसत नाही.

दमलोय दाजी. राजारामपुरीत झेरॉक्सचं दुकान टाकल्यापासून कितीतरी लोक मृत्यूचा दाखला घेऊन माझ्या काउंटरवर उभे राहिले असतील. मी मान वर न करता सांगायचो, "जास्तीच्या काढून ठेवा, बँकेत लागतात, पीएफला लागतात." आता तुमच्या दाखल्याच्या प्रती काढतो. मशीनमधून कागद गरम गरम बाहेर येतो आणि त्यावर तुमचं नाव असतं. तो कागद हातात धरवत नाही. भेटायला येणारे बसतात, चहा घेतात आणि विचारतात, कसं झालं हो एकाएकी? मी सांगतो. सांगून सांगून ती हकिगत आता दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागलीय. तुम्हाला ती सांगत नाही. तुम्ही होताच तिथं.

तुमच्याशी बोलायचंय ते कॅमेऱ्याबद्दल. आपलं ते भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि अर्ध्या भांडणाचा जाच पुऱ्या भांडणापेक्षा जास्त असतो.

सुरुवात तेजूनं केली. तुमची लेक, माझी भाची, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये गोलकीपर. उंच आहे आणि बाकी कुणी तिथं उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून गोलकीपर. पण एकदा उभी राहिली ती राहिलीच. आपल्या गावात पोरानं बूट घातले की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. पोरींचा फ्लेक्स कोण लावतंय? तेजूला फ्लेक्स नकोच होता. तिनं तुमच्याकडं एवढंच मागितलं, "पप्पा, मी बॉल अडवताना उडतो की, तसा एक फोटो पायजे मला. उडालेला. एकच."

"मोबाईल हाय की," अक्का म्हणाली. तुम्ही मोबाईल घेऊन मैदानावर गेलात. फोटोत मैदान आलं, आभाळ आलं, पलीकडच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आली आणि मधे कुठंतरी ज्वारीच्या दाण्याएवढी तेजू आली. तो दाणा दोन बोटांनी मोठा करत तुम्ही माझ्या दुकानात आलात. तुमच्या लेखी मी फोटोवाला. मी तुम्हाला सांगत होतो, दाजी, माझ्याकडं माणूस स्टुलावर गप बसतं, मला पळणाऱ्यांतलं काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, "मग शीक की. दुकानात बसून माशाच मारतोस न्हवं?"

म्हणून मी शिकलो. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायचो. लहान पोरांच्या खेळांसाठी स्वस्तातला कॅमेरा कुठला, यावर इतके लोक इतका वेळ बोलतात हे मला माहीतच नव्हतं. माझं मत झालं की तुमच्या दिवाळीच्या बोनसात बसेल असा नवाकोरा, हाताएवढा, भला मोठा झूम असलेला कॅमेरा घ्यावा. वॉरंटी असते, वजन नसतं, लेन्स बदलायची कटकट नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या भट्टीपुढं आयुष्य काढलेला माणूस कुणाचंही शांतपणे ऐकतो आणि मग स्वतःच्या मनाचंच करतो, हे मला कळायला हवं होतं.

शाहूपुरीतलं ते जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आठवतंय का हो? मी नवा कॅमेरा काढायला सांगितला. तुमचं लक्ष मात्र कपाटातल्या एका जुन्याकडं गेलं. कुणा लग्नवाल्या फोटोग्राफरनं धंदा बंद करताना विकलेला. हाताच्या घामानं मुठीचं रबर निघालेलं, पट्ट्याला अत्तराचा वास आणि लेन्स पाण्याच्या तांब्याएवढी. मी म्हणालो, ह्यानं निम्म्या जिल्ह्याची लग्नं लावलीत, आता ह्याच्यात काय जीव राहिलाय? दुकानदार म्हणाला, बघा की, दोन्ही बघा, बघायला काय जातंय?

बघायला माझी अब्रू गेली. तुम्ही दोन्ही कॅमेरे घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिलात आणि मला म्हणालात, "पळा, पावणं."

"कुठं?"

"हितनं त्या पंक्चरवाल्यापतुर. आन् जरा जीव लावून पळा. तेजू पळती तसं."

हे पोट घेऊन, भर दुपारी, शाहूपुरीच्या गल्लीत मी पळालो. आधी नव्या कॅमेऱ्यासाठी, मग परत जुन्यासाठी. रिक्षावाले थांबले. एकानं ओरडून विचारलं, "काय ओ, काय चोरलंय?" पंक्चरवाला हातातली ट्यूब टाकून उभा राहिला. परत येईपर्यंत मला धाप लागली होती आणि एक चप्पल गल्लीतच राहिली होती.

नव्या कॅमेऱ्यात गल्ली आली होती. नुसती गल्ली. तुम्ही बटण दाबल्यावर कॅमेऱ्यानं विचार केला, आणि त्याचा विचार होईतो मी पुढं गेलो होतो. जुन्यात मी होतो, अख्खा. तोंड उघडं, शर्ट वर गेलेला, आणि पायातून निसटलेली चप्पल हवेत तरंगत होती. चपलेचा अंगठासुद्धा मोजून घ्यावा इतका स्वच्छ. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "ह्योच द्या. ह्ये असलं ध्यान धरतंय म्हंजे माझी पोरगी सहज धरंल." दुकानदार इतका हसला की त्यानं पट्टा नवीन दिला.

मग तुमचे दिवस बदलले. ड्यूटीवरून आलात की आंघोळ, चहा आणि मैदान. शटर किती ठेवायचा, उन्हं उतरली की काय करायचं, बटण दाबून धरलं की एका दमात किती फोटो निघतात, हे तुम्ही मला शिकवायला लागलात. तुमचे फोटो माझ्या मशीनवर छापायला यायचे आणि मी बघत राहायचो. डाव्या बाजूनं पळणारी ती कासार गल्लीतली बारकी पोरगी, बॉल पायाला चिकटलेला, वेणी आडवी. हेडर मारताना दोघी एकमेकींच्या खांद्यावर. गोल झाल्यावर एकमेकींवर पडलेला सगळा ढीग. तुम्ही ते फोटो पोरींच्या घरी नेऊन द्यायचात. बसायचात, चहा प्यायचात आणि जरा जास्तच स्तुती करायचात. परवा त्यातल्या एकीची आई भेटायला आली होती. तुम्ही दिलेला फोटो घरात देव्हाऱ्याशेजारी लावलाय म्हणाली. तिच्या नवऱ्यानं पोरीचा खेळ बंद करायचं ठरवलं होतं म्हणे. रोज सकाळी हात जोडताना फोटो दिसायला लागला, मग तो विषय त्यानं परत काढला नाही. अक्का नुसती मान हलवत होती. मला मात्र तुमचा फार अभिमान वाटला दाजी, आणि तो तुम्हाला सांगायला तुम्ही नव्हता.

टीममधल्या पोरीही आल्या होत्या. खेळाच्याच कपड्यात, एका रांगेत उभ्या राहिल्या. शेवटी एक म्हणाली, "काका आमच्या आधी वरडायचे."

पण तेजूचा फोटो येत नव्हता. सगळ्या पोरींचे यायचे, तिचा नाही. म्हणजे उभी असलेली यायची. हातमोजे घट्ट करताना यायची, पाणी पिताना, पोरींची भिंत लावताना, कुणाला तरी शिव्या घालताना यायची. बॉल तिच्याकडं आला की पुढच्या फोटोत काहीतरी भलतंच. तिरकं आभाळ. लाईनमनची पाठ. गवत आणि त्यात तुमच्या बुटाचं टोक. मॅच संपली की ती पळत यायची, "पप्पा, आला?" तुम्ही कॅमेरा उलटासुलटा करून म्हणायचात, "ह्यो कॅमेराच लबाड हाय गं. ऐन टायमाला दगा देतोय."

मी कारणं शोधायचो. आधी तुम्ही गोलच्या मागं उभे राहायचात, तेव्हा मी म्हणालो, फोकस जाळीवर बसतोय, बाजूला उभं राहा. तुम्ही पोस्टाशेजारी आलात. तरी नाही. मी म्हणालो, सूर्य समोर येतोय. तुम्ही दुसऱ्या पोस्टाकडं गेलात. तरी नाही. मग खंडेनवमी आली आणि आयतंच कारण मिळालं. अक्कानं घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर कॅमेराही पाटावर मांडला. तुमचा पान्ना, माझ्या दुकानातली कात्री आणि मधे कॅमेरा. विळीला लावतात तसं तिनं त्यालाही ओलं कुंकू लावलं, ते नेमकं लेन्सच्या काचेवर. मधोमध. वर दोन अक्षता. दसऱ्यानंतरच्या मॅचला तुम्ही तसेच गेलात, आणि फोटोतल्या सगळ्या पोरी हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या तांबूस दिसत होत्या. मी कपाळावर हात मारला. अक्का म्हणाली, "डोळाच त्यो त्याचा. डोळ्याला न्हाई लावायचं तर मग कुठं लावायचं?" काच पुसताना तुम्ही माझ्याकडं बघून हळूच म्हणालात, "आता बोल. बोल की तिला."

काच स्वच्छ झाली, तरी तेजूचा फोटो आला नाही. मग मी मागंच लागलो. हा कॅमेरा बदल्यात द्या, थोडी भर घाला, आता नवे चांगले आलेत, फोकस पोरीच्या तोंडावर धरून ठेवतात, सोडतच नाहीत. तुम्ही ऐकायचात आणि म्हणायचात, "बघू." एकदा मी चिडलो. माझ्या दुकानातच. म्हणालो, "लबाड म्हणता आणि बदलतही नाही, हे काय दाजी? माझी चप्पल हवेत धरली की ह्यानं! मग पोरगी कशी सुटते?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. काहीतरी बोलणार होतात, असं मला तेव्हाही वाटलं. तेवढ्यात कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलं. मी मशीनकडं वळलो. तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवलात, "बघू" म्हणालात आणि गेलात. त्यानंतर यंदाचे गणपती आले, गेले आणि तुम्हीही गेलात. माझ्या वाट्याला तेवढं "बघू" राहिलं.

यंदा घरात सण नाही. खंडेनवमीला मी सकाळी सहज डोकावलो तर अक्का कपाटातून कॅमेरा काढत होती. पाट नव्हता, फुलं नव्हती. कुंकवाचा करंडा तेवढा हातात. मी दारातच थबकलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला हाय सुतक. त्याला कसलं?" आणि लेन्सवरच्या प्लास्टिकच्या झाकणावर तिनं बोट टेकवलं. झाकणावर, काचेवर नाही. एवढं तिनं लक्षात ठेवलं होतं. मला रडायला आलं म्हणून मी बाहेर जाऊन गाडीची किक मारत बसलो. ती चालू होत नव्हती ते बरंच झालं.

मग तेजू आली. दुकानात, शाळेच्या गणवेशात. तुमच्यासारखीच काउंटरला रेलून उभी राहिली.

"मामा, मॅच हाय. येतोस न्हवं?"

"येतो की."

"कॅमेरा आण. पप्पांकडनं ऱ्हायलं. तू तरी काढ एक."

तुमच्यामागं ती पहिल्यांदाच खेळणार होती. मी हो म्हणालो, आणि दाजी, मी अभ्यास केला. खरंच केला. शटर तुम्ही सांगायचात तिथं ठेवला. दुकानापुढून जाणाऱ्या रिक्षांवर, सायकलींवर, कुत्र्यांवर सराव केला. सगळे आले, कुत्र्याची शेपटीसुद्धा आली. कॅमेऱ्यात खोट नाही याची मी खात्री करून घेतली. मनात म्हणालो, दाजींचा हात थरथरत असेल, बाकी काय. एवढा मी शहाणा.

मॅचला तुमच्याच जागी उभा राहिलो, डाव्या पोस्टाशेजारी, जाळीच्या जरा पुढं. गवत तुडवून तिथं एक टक्कल पडलंय. ते तुमच्या पायांचं आहे हे मला आधी कळलं नाही. आपली टीम चांगली आहे, त्यामुळं पहिल्या हाफात बॉल तेजूकडं आलाच नाही. ती एकटी उभी होती. पोस्टाला हात लावून यायची, मागं बघायची, मी आहे ना ते बघायची. मग एकदा तिनं बघितलं आणि माझ्याऐवजी दुसरं कुणी असायला हवं होतं असं तिचं तोंड झालं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, म्हणजे माझं तोंड तिला दिसू नये.

दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या, तिच्यामागोमाग मीही पलीकडच्या पोस्टाशेजारी गेलो; तिथंही तुमचं तसंच टक्कल होतं. आणि बॉल आला. पलीकडच्या टीमची एक दांडगी पोरगी सगळ्यांना मागं टाकून सरळ तेजूवर आली. कॅमेऱ्यात तेजू इतकी जवळ होती की तिच्या ओठावरचा घाम दिसत होता. मी बोट बटणावर ठेवलं. त्या पोरीनं पाय मागं घेतला.

पुढचं मला सांगता येत नाही. म्हणजे मला एवढंच आठवतं की तेजू हवेत होती. पूर्ण आडवी, हात लांब, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. मी ती बघितली. माझ्या उघड्या डोळ्यांनी बघितली. बोटांच्या टोकाला लागून बॉल पोस्टाच्या बाहेरून गेला. ती मातीत आपटली आणि लगेच उठली. आणि मला कळलं की कॅमेरा माझ्या पोटावर लोंबतोय, माझे दोन्ही हात वर आहेत आणि मैदानात सगळ्यांत मोठ्यानं जो माणूस ओरडतोय तो मी आहे.

भट्टीतला लालभडक रस ओतताना तुमची पापणी हलली नसेल दाजी. पण ती आडवी झाली की तुम्हाला काचेतून बघवत नव्हतं. लेक हवेत असताना एक डोळा मिटून दुसऱ्यानं बटण शोधत बसायला माणूस कुठल्या मातीचा पाहिजे? त्या दिवशी माझ्या दुकानात तुम्ही हेच सांगणार होतात का? की लाज वाटत होती? सांगितलं असतं तर मी चिडवलं असतं, हे खरं. वर्षभर चिडवलं असतं. पण त्या व्हिडिओवाल्यांचा नाद तरी तेव्हाच सोडला असता, आणि तुमच्या शेजारी उभा राहून ओरडायला तरी आलो असतो.

मॅच संपली. आपण जिंकलो. तेजू हातमोजे दातानं ओढून काढत पळत आली. गुडघ्यापासून कोपरापर्यंत माती.

"मामा, उडालो की मी! आला?"

मी पडद्यावर बघितलं. हात वर नेताना कधीतरी बटण दाबलं गेलं असावं. एकच फोटो होता. गवत, थोडी चुन्याची रेघ आणि माझ्या चपलेचा अंगठा. तुमच्याकडं बूट, माझ्याकडं चप्पल, एवढाच काय तो फरक.

खरं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण तिच्याकडं बघून माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच, आणि तेही तुमच्याच आवाजात.

"ह्यो कॅमेराच लबाड हाय गं."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या गळ्यातून तिनं पट्टा काढला, लेन्सवर झाकण बसवलं आणि झाकणावरचं वाळलेलं कुंकू फुंकर न मारता तसंच राहू दिलं.

"नवीन घ्यायचा का मग?" मी विचारलं.

"नगं," ती म्हणाली. "पुढच्या मॅचला बी ह्योच आण. आन् हितंच उभा ऱ्हा."